गुपित नसलेला गुन्हा

रोमन पोलान्स्कीचा ‘चायनाटाउन’ 1974 चा. जेक गिटस हा खासगी गुप्तहेर एका नवऱ्याच्या लफड्याचा माग काढायला निघतो आणि लॉस एंजेलिसच्या पाण्यापाशी येऊन पोहोचतो. ऐन दुष्काळात रात्री पाणी वाया सोडले जाते, खोऱ्यातली जमीन वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर खरेदी होते आणि या सगळ्याच्या मुळाशी नोआ क्रॉस नावाचा एक धनाढ्य माणूस असतो. गिटसला अखेर सगळे कळते, पण त्याने काहीच बदलत नाही. पटकथा लिहिणाऱ्या रॉबर्ट टाउनला इतका काळाकुट्ट शेवट नको होता, पोलान्स्कीने मात्र तोच ठेवला. सत्तेविषयीचे अंतिम सत्य सांगणारा चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते ते बहुधा या शेवटामुळे. पण त्या शेवटाआधीच एक गृहीत धरून टाकलेले आहे. भ्रष्टाचार म्हणजे कुठेतरी दडवलेले गुपित, आणि ते उकरून काढणे हे एका हुशार माणसाचे काम, हे ते गृहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचा गेल्या काही दशकांचा इतिहास समोर ठेवला की ते टिकत नाही.

मुळात ते लॉस एंजेलिसलाही लागू नव्हते. चित्रपट 1937 मध्ये घडतो. ओवेन्स खोऱ्यातले पाणी शहराकडे वळवण्याचा खरा व्यवहार तीस वर्षे आधीचा आहे. सॅन फर्नांडो खोऱ्यात जमिनी घेऊन ठेवलेल्या धनिकांच्या टोळक्याची बातमी ‘एक्झामिनर’ या दैनिकाने ऑगस्ट 1905 मध्ये छापली होती. पुढच्याच महिन्यात कर्जरोख्यांसाठी मतदान झाले आणि शहराने योजनेच्या बाजूने भरघोस कौल दिला. कालवा 1913 मध्ये वाहू लागला. म्हणजे लोकांना माहीत होते, आणि तरीही ते घडले. ओवेन्स खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची जमिनी घेताना दिशाभूल झाली, हे खरे. पण मुख्य व्यवहार कायदेशीर होता, जाहीर होता, बहुमताचा होता. रात्रीचे पाणी आणि म्हाताऱ्यांच्या नावावरच्या खरेद्या चित्रपटाला हव्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय गुप्तहेराला काम उरत नाही.

आपल्याकडे त्याच सुमारास जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आला. पटकथा विजय तेंडुलकरांची. 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवातही दाखवला गेला. तिथला शोधक म्हणजे पिऊन हिंडणारा, कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला मास्तर. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलांच्या घरी, त्यांच्याच पाहुणचारात राहून तो विचारत सुटतो की बेपत्ता मारुती कांबळेचे काय झाले. हा शोध ‘चायनाटाउन’च्या एक पाऊल पुढचा आहे, कारण इथे उत्तर गावाला ठाऊकच असते, ते मोठ्याने विचारायला कोणी धजावत नाही एवढेच. पुढे 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार सत्तेचे सगळे डाव जवळून पाहतो, त्याला सगळे कळते आणि शेवटी त्याचे भान सुटते. (‘सामना’त डॉ. श्रीराम लागू शोधणारे आणि निळू फुले सत्ताधारी. ‘सिंहासन’मध्ये फुले पत्रकार आणि लागू सत्तेसाठी टपलेले मंत्री. हा योगायोग असला तरी सूचक आहे.) पाचच वर्षांत कल्पना कुठून कुठे आली पाहा: गुपित फोडणारा हुशार माणूस, मग उघड गोष्ट विचारणारा दारुडा, मग सगळे कळूनही हतबल झालेला पत्रकार. एक गोष्ट मात्र तिन्हीकडे तशीच राहिली. शोध घेणारा एकटा आहे, आणि ज्याचे नुकसान झाले तो कधीच शोधक नाही.

गडचिरोलीत नेमके इथेच वळण आले. बल्लारपूरचा कागद कारखाना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा राहिला, आणि या पट्ट्यातला बांबू दीर्घ मुदतीच्या सरकारी करारांनी त्याच्याकडे जाऊ लागला. यात लपवण्यासारखे काही नव्हते. 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत गणले होते, झाडे सरकारची होती, आणि सरकार ती कोणालाही देऊ शकत होते. हे एकट्या विदर्भाचे नव्हते. कर्नाटकात दांडेलीच्या कारखान्याला बांबू टनाला दीड रुपया दराने मिळत असे, हे पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी पुढे आणले. हे दर करारात लिहिलेलेच होते, फक्त टोपल्या विणणाऱ्या बुरुडापर्यंत ते कागद कधी पोहोचले नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जे केले, ते मला म्हणूनच एखाद्या पोलिसी तपासाहून मोठे वाटते. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट सुरू केला. कायदा वाचायचा, निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरते जंगल वापरण्याचे, जुने हक्क समजून घ्यायचे, आणि ग्रामसभेत निर्णय घ्यायचा तो सर्वसहमतीने. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनविभागाकडे होता. हक्क गावाचा आणि पावतीपुस्तक दुसऱ्याच्या टेबलावर! ते पुस्तक 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले. वन कायद्यातली झाडाची व्याख्या बदलायला मात्र 2017 उजाडले.

यावर कोणी म्हणेल की चित्रपटाला इतिहासाच्या तराजूत तोलणे हा अरसिकपणा आहे. तक्रार रसिकतेची नाहीच. पडद्यावरची ही रीत आपल्या विचारात उतरते, ही अडचण आहे. घोटाळा म्हटला की आपण लाचेची पाकिटे शोधतो, आणि पाकीट सापडले नाही की व्यवहार स्वच्छ होता असे मानून मोकळे होतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. लाच, बनावट हजेरी, कंत्राटदाराची दमदाटी जंगलात आहेच, आणि तिथे पत्रकार व तपास यंत्रणा लागतातच; ग्रामसभाही कंत्राटदाराच्या खिशात जाऊ शकते. हे मान्य करायला हवे. मेंढ्याचे यश सगळ्या गावांचे नाही. पण खिशात गेलेली ग्रामसभा आणि खिशात गेलेला साहेब यांत फरक आहे. साहेबाचा हिशेब मागायला बाहेरचा कोणी यावा लागतो, ग्रामसभेचा हिशेब तिथे बसलेली बाईही मागू शकते. मागेलच असे नाही, पण मागण्याची जागा तिच्यापाशी असते.

मेंढ्याच्या रीतीची मर्यादा वेगळी आहे, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजात बांबू येतो, तेंदू येतो. लोहखनिज येत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा खनिजपट्टा 2007 मध्ये दिला गेला; परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी ठराव करून विरोध नोंदवला. ओडिशात नियमगिरीला 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे नेला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. सुरजागडला तसा कौल घेतला गेला नाही, आणि आज तिथून खनिजाचे ट्रक निघतात. 2022 मध्ये उत्खनन वाढवण्यासाठी जनसुनावणी झाली ती गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. ती रीतसर झाली. ज्यांच्या डोंगराविषयी ती होती त्यांना तिथवर जायचे तर पदरचे भाडे भरून आणि दिवसाची मजुरी बुडवून जावे लागणार होते.