याईराच्या घरी

याईराची कन्या बारा वर्षांची होती. मार्काच्या शुभवर्तमानात आपण वाचतो की, प्रभूने आकांत करणाऱ्या लोकांस बाहेर घातले, आईबापांस आत घेतले, मुलीचा हात धरला, आणि ती उठल्यावर तिला खावयास द्यावे असे सांगितले. कळमेश्वराहून ज्या घरचे लेकरू कर्करोगाच्या उपचारासाठी नागपुरास जाते, त्या घरास ह्या वृत्तान्ताचे फार प्रयोजन आहे.

मुलांत विशेषेकरून आढळणारा कर्करोग रक्ताचा होय. त्याचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो. सुया टोचतात, पाठीच्या मणक्यांतून पाणी काढतात, केस गळतात, तोंड येते. इतके लेकराने कसे सोसावे? आमचे म्हणणे असे की, सुईपेक्षा त्यास आपली कुजबुज अधिक जाचते. फिरावयास जाऊ, असे सांगून नेलेले मूल पुढल्या खेपेस कोणाचाच विश्वास धरीत नाही. त्यास खरे सांगावे: आज टोचतील, दुखेल, आई जवळच राहील. कोणता हात पुढे करावा, हे शक्य तेथे त्यासच ठरवू द्यावे. आपण खोड्या केल्या म्हणून देवाने ही शिक्षा केली, असे पुष्कळ मुलांस वाटते. ती समजूत स्पष्ट शब्दांनी काढून टाकावी. उपदेशकांनी तर पापाचा विषय त्या खाटेजवळ काढूच नये.

हा रोग म्हणजे मरणच, असे अजूनही कित्येक मानतात. पूर्वी ते खरे होते. १९४७ साली बोस्टन येथे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी औषधाने तो काही काळ हटविला. त्या कामी आपल्या आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे मोठे साह्य झाले. पुढे अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन निघाले. (म्हणून कोणी तिचा पाला वाटून पाजू नये; तो विषारी आहे.) आता चांगल्या रुग्णालयात उपचार पुरा झाल्यास बहुतेक मुले बरी होतात. परंतु चेहरा टवटवीत दिसू लागला की घरचे लोक गाडीभाडे वाचवितात, आणि रोग परत येतो.

तोंड आले असता संत्र्याची फोड झोंबते. ताजी, मऊ खिचडी निववून द्यावी. औषधाने अंगची शक्ती क्षीण झालेली असते, म्हणून भेटावयास गर्दी करू नये. ताप आल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. त्या रात्रीच्या मोटारभाड्याची तजवीज मंडळीने आधीच करावी, आणि पैसे कोणाच्या घरी ठेविले आहेत हे आईस ठाऊक असावे.