महागडी विद्या आणि घरचे ऋण

पदवी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या अनेक घरांत एका विषयाची चर्चा हलक्या आवाजात सुरू होते. मुलाला किंवा मुलीला पुढील शिक्षणासाठी एखाद्या नामांकित संस्थेत प्रवेश मिळालेला असतो. देवापुढे पेढे ठेवून होतात, आप्तेष्टांस वार्ता कळविली जाते आणि मग शुल्काचा कागद हाती येतो. व्यवस्थापनशास्त्राच्या अग्रगण्य संस्थांतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आज वीस लाख रुपयांच्या पुढे गेले आहे. परदेशी जावयाचे तर निवास-भोजनासह हा आकडा बहुधा याच्याही दुपटीवर जातो. एवढे द्रव्य वेचून घेतलेली विद्या त्या मोलाची ठरते काय? आम्ही स्वतः शालान्त परीक्षेपुढे गेलेलो नाही. तथापि हा प्रश्न केवळ विद्वानांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे मांडीत आहोत.

या प्रश्नाची दोन उत्तरे नित्य ऐकू येतात. विद्येवर वेचलेला पैसा कधीच वाया जात नाही, असे काही म्हणतात. जो पैसा व्याजासह परत येत नाही तो वेचूच नये, असे इतरांचे म्हणणे असते. पहिल्या उत्तरात विद्या आणि पदवी यांची गल्लत आहे. विद्या ग्रंथालयातही मिळते आणि अल्प शुल्काच्या विद्यापीठातही मिळते. महागड्या संस्थेत आपण जे अधिक द्रव्य मोजतो, ते बव्हंशी तेथील सहवासाचे, ओळखींचे व नावाचे मोल असते. दुसऱ्या उत्तरात मुलाला पेढीवरील ठेव समजण्याचा दोष आहे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील पाचव्या सर्गात कौत्साची कथा आहे. विद्या पूर्ण झाल्यावर कौत्साने गुरुदक्षिणेविषयी विचारले, तेव्हा तुझी सेवा हीच दक्षिणा, असे वरतंतूंनी सांगितले. कौत्साने फारच आग्रह धरला, तेव्हा मात्र रागावून त्यांनी चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने यज्ञात सर्वस्व दान केले होते आणि त्याच्यापाशी अर्घ्यासाठी मातीचे पात्र तेवढे उरले होते. तरीही तो भार त्याने आपला मानला. पुढे कुबेराकडून सुवर्णाची वृष्टी झाली, तेव्हा राजा सर्व देऊ लागला आणि कौत्स गुरूला देणे होते त्याहून एक कवडीही अधिक घेईना. या कथेत विद्येचे मोल प्रचंड आहे; परंतु ते कौत्साच्या आईबापांच्या झोपडीवर पडलेले नाही. आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. फळ किती मिळेल हे विचारण्यापूर्वी, फळ न मिळाल्यास भार कोण सोसणार, हे विचारले पाहिजे.

प्रथम त्या भाराचे वजन पाहू. तीस लाखांचे कर्ज दरसाल १० टक्के दराने काढले आणि दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३९,६०० रुपये येतो. शिक्षण चालू असताना व त्यानंतर साधारण एक वर्षापर्यंत हप्ते थांबविण्याची सवलत बँका देतात; परंतु व्याज थांबत नाही. सगळी रक्कम आरंभीच उचलली व तीन वर्षांचे सरळ व्याज साठू दिले, तर देणे ३९ लाख होते, हप्ता ५१,५०० रुपयांच्या वर जातो आणि अखेरीस सुमारे ६२ लाख रुपये भरावे लागतात. शिवाय या दोन वर्षांत नोकरी केली असती तर मिळाले असते ते वेतन वेगळेच.

आता फळाची बाजू. संस्थेच्या माहितीपत्रकात सरासरी वेतन ठळक अक्षरांत छापलेले असते. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला दहा लाख मिळाले आणि एकाला एक कोटी दहा लाख. सरासरी वीस लाख निघेल. पण वीस लाख मिळालेला विद्यार्थी त्या दहांत एकही नसेल! म्हणून सरासरीऐवजी मधल्या विद्यार्थ्याचे वेतन पाहावे. राष्ट्रीय मानांकनासाठी संस्था जी माहिती सरकारला देतात, तीत हा आकडा असतो. परदेशाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथील मिळकत परक्या सरकारच्या परवान्यावर अवलंबून असते. नोकरीसाठीच्या एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली. ज्यांनी त्यापूर्वी घर गहाण ठेवले होते, त्यांच्या हिशेबात हा आकडा कोठून असणार?

आपल्या वडोदऱ्याच्या इतिहासात याविषयी एक मोठा दाखला आहे. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती फुकटची नव्हती. शिक्षणानंतर संस्थानची सेवा करण्याचा करार होता. १९१७ साली ते सेवेसाठी येथे आले, तेव्हा एवढ्या विद्वानाला या शहराने जातीमुळे राहावयास जागा दिली नाही. विद्या कितीही मोठी असली तरी तिचे फळ एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नसते, हे त्या लज्जास्पद प्रसंगातून शिकावे. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करावयाचे होते, तेव्हा त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून शिल्लक टाकली आणि शाहू महाराजांचे साहाय्य व एका स्नेह्याचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले. प्रथम भार उचलला तो संस्थानाने, पुढे स्वतःच्या श्रमांनी आणि ज्यांना तो पेलवत होता अशा सुहृदांनी.

आपल्या घरांत मात्र भार बहुधा न बोलता वाटला जातो. वडिलांची निवृत्तीची पुंजी, आईचे दागिने, राहते घर ही सर्व पणाला लागतात. धाकट्या बहिणीला सांगितले जाते की, तुला गावातलेच महाविद्यालय पुरे. मुलासाठी जे परवडते ते मुलीसाठी परवडत नाही, हा हिशेब कोणत्या गणिताचा? आणि ज्याच्यासाठी हे केले तोही मोकळा राहत नाही. त्याला अध्यापन करावयाचे असते, संशोधन करावयाचे असते. पण हप्ता त्याला सर्वांत अधिक वेतनाच्या दाराशी नेऊन उभा करतो. ज्या शिक्षणाने निवडीचे स्वातंत्र्य वाढावयाचे, तेच ते हिरावून घेते. आम्ही मुलांसाठीच जगतो, हे आईबापांचे वचन खरे आहे. परंतु ज्या त्यागाचा उच्चार होत नाही, त्याची परतफेडही कधी पुरी होत नाही.

म्हणून आमचे नम्र सांगणे असे की, प्रवेश स्वीकारण्यापूर्वी घरातील सर्वांनी, धाकट्यांसुद्धा, एकत्र बसून हिशेब मांडावा. हीच विद्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या सार्वजनिक संस्थेत मिळते काय? देशातील निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन यांवाचून कर्ज देणारी पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आहे; तिचा लाभ होतो काय? दोन वर्षे नोकरी करून काही शिल्लक टाकून मग जाता येईल काय? आणि सर्वांत शेवटी, मधल्या विद्यार्थ्याइतकेच वेतन मिळाले तर राहते घर व भावंडांचा वाटा यांना धक्का न लावता कर्ज फिटेल काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर संकोच न करता जावे. शुल्क मोठे आहे एवढ्याने भिऊ नये. ‘नाही’ असेल, तर संस्था कितीही नामांकित असो, थांबावे किंवा दुसरी वाट शोधावी. त्यात कमीपणा नाही. विद्या ही घराचे वैभव आहे. परंतु ते वैभव घरातील दुसऱ्या कोणाच्या पानातले काढून आणू नये.