सरपणाची बेगमी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की ग्वाल्हेरची थंडी अंगात भरते. पौषात काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली जातो. हीटर आले, तरी पुष्कळ घरी अजून अंगीठी पेटते. ज्यांनी उन्हाळ्यातच सरपण भरून ठेवलं, त्यांना काडी लावली की ऊब. बाकीचे ऐन थंडीत वखारीकडे धावतात आणि मिळेल ते ओलं लाकूड आणतात. ते पेटतं, पण आधी त्यातलं पाणी आटावं लागतं. बरीचशी आग त्यातच जाते. घरभर धूर, आणि ऊब नावाला.

आपल्या नामाचंही तसंच आहे. घरात आजारपण आलं की आपण माळ शोधतो. नाम तेच असतं, पण मन ओलं असतं. भीती, राग, 'माझ्याच वाट्याला का?' यांचाच धूर होतो. म्हणून बेगमी करायची ती सुखाच्या उन्हात.

कशी करायची? अख्खा ओंडका लवकर सुकत नाही, फोडलेला सुकतो. 'निवांत तासभर मिळाला की बसू' हा आपला ओंडका! तो फोडा. कुकर होईपर्यंत एक माळ, दूध तापेपर्यंत थोडं नाम. सरपण विटांवर रचतात, वरून झाकतात, पण बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवतात. आपला वारा म्हणजे सत्संग. आणि लाकूड सुकायला सहा महिने तरी लागतातच, तेव्हा आठ दिवसांत फळ मागू नये.

ज्यांच्या घरी आजच थंडी आहे आणि बेगमी नाही, त्यांनी खचू नका. पूर्वी शेजारून विस्तव मागून आणत, त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ग्रुपवर एक शब्द टाका. आम्ही तुमच्यासाठी माळ करू आणि घरीही येऊन जाऊ.

एक कळकळीची विनंती. पेटती अंगीठी खोलीत ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. झोपण्याआधी अंगीठी बाहेर ठेवा. आजी-आजोबांच्या खोलीत रोज रात्री स्वतः जाऊन पाहा. हीदेखील गुरुसेवाच आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥