आवाज कुणाच्या छपरावर?

कुर्ल्याच्या जरीमरीत माणसे बोलता बोलता मध्येच थांबतात. घाटकोपरच्या बाजूने उतरायला लागलेले विमान डोक्यावर येते, बोलणारा तोंड मिटतो, ऐकणारा तसाच त्याच्याकडे बघत राहतो. विमान पुढे सरकले की वाक्य तुटल्या जागेपासून पुन्हा सुरू होते. हे कुणी कुणाला शिकवलेले नाही. धावपट्टीकडे येणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे पन्नास मीटर. धावपट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरवर घर असेल, तर ते घरावरून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवरून जाते. खाली सोडलेली चाके स्पष्ट दिसतात. छप्पर पत्र्याचे असेल तर पत्रा थरथरतो आणि पोटमाळ्यावर अभ्यासाला बसलेले पोर त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवते.

मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन असल्या, तरी त्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. त्यामुळे बहुतेक भार मुख्य धावपट्टीवर, म्हणजेच पूर्व-पश्चिम रेषेतल्या त्याच त्या वस्त्यांवर पडतो. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी इथे चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली आणि तो विक्रम म्हणून मिरवला गेला. भागाकार केला तर सरासरी ८४ सेकंदांना एक विमान. पुढे २०२४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने गर्दीच्या वेळेतली दर तासाची विमानसंख्या ४६ वरून ४४ वर आणली. त्याची कारणे दिली गेली ती आकाशात ताटकळत घिरट्या घालणारी विमाने, वाया जाणारे इंधन आणि प्रवाशांना होणारा उशीर. कारणे रास्तच होती. पण ती सगळी वर बसलेल्यांची होती.

नवी विमाने जुन्या जेट विमानांपेक्षा पुष्कळच कमी आवाज करतात, हे खरे आहे. मात्र एकेक विमान शांत होत असताना विमानांची संख्या वाढत गेली. आवाज पुरता नाहीसा करणे आज तरी शक्य नाही. तो कुणावर, किती वाजता आणि कुणाला विचारून टाकायचा, एवढेच माणसाच्या हातात आहे. म्हणून हा प्रश्न जितका तंत्राचा, तितकाच न्यायाचा आहे; आणि तो न्यायाचा म्हणून फार क्वचित मांडला जातो.

कायद्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २०१८ मध्ये विमानतळांसाठी वेगळी मानके आली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल चालतील, असे ठरले. ऐकायला रात्रीचा फरक वीसचा. पण डेसिबलचे गणित साधे नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणजे ४५ आणि ६५ यांत शंभर पटींचे अंतर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत विमानांचा रात्रीचा आवाज ४० डेसिबलच्या आत ठेवावा, असे म्हटले होते.

शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरी बरेच काही पोटात घालते. समजा, रात्री दर तासाला एकच विमान गेले, वीस सेकंद ८५ डेसिबलचा आवाज करून गेले आणि उरलेला तास नि:शब्द राहिला. त्या तासाची सरासरी सुमारे ६२ डेसिबल भरते. रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ वेळा झाले, तरी सरासरी ६२ च राहते आणि कागदावर सगळे नियमात बसते. ज्याच्या घरात रात्रीतून आठ वेळा जाग आली, त्याची तक्रार मात्र कोणत्याच रकान्यात मावत नाही.

‘सवय होते हो’ असे यावर हमखास सांगितले जाते. तिथे राहणारी माणसेही तेच सांगतात, कारण रोज उठून तक्रार करत कुणाला जगता येत नाही. पण शरीर सवय करून घेत नाही. लंडन, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान, स्टॉकहोम आणि अथेन्स इथल्या विमानतळांभोवती किमान पाच वर्षे राहिलेल्या ४,८६१ प्रौढांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीचा विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. याच प्रकल्पात १४० जणांचा रक्तदाब ते झोपेत असताना मोजला गेला. विमान गेले की रक्तदाब चढत होता. माणूस जागा झाला नाही तरीही चढत होता. सकाळी उठून तो ‘छान झोप लागली’ म्हणाला असता आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते.

रात्रीचा विषय निघाला की मुंबईचे एक वैशिष्ट्य डोळ्यांत भरते. युरोपकडे जाणारी कितीतरी विमाने इथून मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे ती तिकडे सकाळी पोचतात आणि प्रवाशांना पुढची विमाने मिळतात. फ्रँकफर्टमध्ये २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणांना बंदी आहे. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम केली. सिडनीत १९९५ चा कायदा रात्री ११ ते सकाळी ६ विमाने रोखून धरतो. लंडनच्या हीथ्रोवर दिवसा उतरणाऱ्या विमानांची धावपट्टी दुपारी तीनला बदलतात, आणि कोणत्या वस्तीला कधी उसंत मिळणार याचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांमुळे मुंबईला हीथ्रोची नक्कल करता येणार नाही. पण रात्रीच्या बंदीसाठी धावपट्टी कशी आहे याने काही अडत नाही. फ्रँकफर्टची झोप कायदा राखतो; त्याच विमानाखालची कुर्ल्याची झोप कुणीच राखत नाही.

तिकडेही हे आपसूक मिळालेले नाही. हीथ्रोजवळच्या रहिवाशांनी रात्रीच्या विमानांविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २००१ मध्ये ते जिंकले, २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे हरले. देशाच्या अर्थकारणाचे पारडे तेव्हा जड ठरले. पण २०२४ च्या मार्चमध्ये हेगच्या न्यायालयाने ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाभोवतीच्या रहिवाशांच्या बाजूने कौल दिला. डच सरकारने वर्षानुवर्षे विमान कंपन्यांचे हित आधी पाहिले आणि रहिवाशांच्या हक्काला संरक्षण दिले नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मुंबईत एक प्रश्न फार सहज विचारला जातो: विमानतळाशेजारी राहायला आलातच कशाला? जरीमरीतल्या भाडेकरूपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. जिथे परवडले तिथे तो आला. विमानतळावर सामान चढवणारे, फरशी पुसणारे, टॅक्सी-रिक्षा चालवणारे आसपास राहिले म्हणूनच तो विमानतळ चालतो. आणि सहार गाव, मरोळ, कोळे कल्याण म्हणजे आजचे कलिना, या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांना तर हा प्रश्न लागूच होत नाही. तिथे भातशेती होती, विहिरी होत्या, क्रूस होते. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी धावपट्टी आली, युद्धानंतर ती नागरी वाहतुकीला मिळाली आणि नंतर ती पसरत गेली. तिथली माणसे आहेत तिथेच होती. विमाने त्यांच्याकडे आली.

आता उलट्या बाजूने पाहू. २०२४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या १६ कोटींवर गेली. हा आकडा प्रवासांचा आहे. वर्षात दहादा उडालेला माणूस त्यात दहादा मोजला जातो. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर. म्हणजे बहुसंख्य भारतीयांना विमान माहीत आहे ते खालून. तिकिटात इंधनाचा, विमानतळाचा, सुरक्षेचा पैसा धरलेला असतो. खालच्या माणसाच्या मोडलेल्या झोपेचा मात्र त्यात एक रुपयाही नसतो. उडणारा माणूस याने दुष्ट ठरत नाही; त्याला लेकीच्या बाळंतपणाला जायचे असते, नोकरीच्या मुलाखतीला पोचायचे असते. पण त्याच्या सोयीची किंमत दुसरे कुणी भरत आहे, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो एकट्या सरकारवर ढकलून सुटणारा नाही.

मुलांच्या बाबतीत तर ही किंमत मोजूनच दाखवली गेली आहे. हीथ्रो, स्किपोल आणि माद्रिदच्या विमानतळांभोवतीच्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जास्त असलेल्या शाळांत मुले वाचून समजण्यात मागे पडत होती. हीथ्रोलगतच्या हाउन्स्लोमध्ये एका बालशाळेने पुढे अंगणात मातीचे जाड घुमट बांधले. बाहेर खेळणाऱ्या मुलांना बाईंचे बोलणे ऐकू यावे, एवढाच त्यामागचा हेतू. दुहेरी काचेच्या खिडक्या हाही तिकडचा रुळलेला उपाय आहे. तो जरीमरीत नेऊन पाहिला की लगेच अडतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीची खिडकी बंद करून बसता येत नाही. वातानुकूलन यंत्र असेल तरच काच लावता येते.

म्युनिकमधली गोष्ट महाराष्ट्राला सर्वांत जवळची आहे, कारण नवा विमानतळ आता इथेही आला आहे. १९९२ च्या मे महिन्यात तिथला रीमचा जुना विमानतळ बंद झाला आणि नवा शहरापासून दूर सुरू झाला. संशोधकांनी हे स्थलांतर होण्याच्या आधीच दोन्ही ठिकाणच्या मुलांची चाचणी घेऊन ठेवली होती. नंतर आणखी दोनदा घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्याजवळच्या मुलांचे तेच घसरले. एका मुलाचे ओझे उतरले आणि ते दुसऱ्याच्या पाठीवर गेले, याचा असा लेखी पुरावा क्वचितच मिळतो.

नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून प्रवाशांसाठी सुरू झाला. त्यासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. आगरी-कोळी समाजाने आपला वाटा आधीच जमिनीच्या रूपाने दिला आहे; लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून इथली माणसे रस्त्यावर उतरली, ती त्यांनी चालवलेल्या जमिनीच्या लढ्याची आठवण ठेवूनच. आता उलवे, करंजाडे, पनवेल, कामोठे, खारघर या भागांत घरे आणि शाळा दोन्ही दाटीने वाढत आहेत. उड्डाणे सुरू झाली ती सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, अंतिम टप्प्याची नऊ कोटींची. सुरुवात एकाच धावपट्टीवर झाली असली, तरी आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या असल्याने हीथ्रोसारखी आलटूनपालटून उसंत देणे इथे पुढे जमण्यासारखे आहे. रात्रीचे काही तास मोकळे ठेवायचे की नाही, हेही वाहतूक विरळ असतानाच ठरवता येते; एकदा वेळापत्रके भरली की तो तास कुणीच सोडणार नाही. त्या आधी सिडको, पनवेल महापालिका आणि जिल्हा परिषदेने करायची दोन कामे फार खर्चाची नाहीत. कोणत्या शाळेवर आणि कोणत्या सोसायटीवर किती आवाज येणार, त्याचा नकाशा मराठीत छापून त्या त्या फाटकावर लावणे हे एक. आणि चौथी-पाचवीच्या मुलांची वाचनचाचणी या वर्षीच घेऊन नोंद ठेवणे हे दुसरे, म्हणजे पाच वर्षांनी कुणी ‘आवाजाने काही फरक पडत नाही’ म्हणाले, तर पालकांच्या हातात दाखवायला आकडे असतील.