पंचमाची खुंटी

पहाटे साडेपाचला तंबोऱ्याची गवसणी काढली, पहिली तार छेडली, खुंटीला हात घातला आणि कळलं की रात्री पाऊस येऊन गेलाय. दार उघडून अंगण पाहिलं नव्हतं, पागोळ्या ऐकल्या नव्हत्या. पंचमाची खुंटी जागची हलत नव्हती, एवढं पुरे होतं.

मला ललत गायचा होता. ललतात पंचम नाही, म्हणून पहिली तार पंचमावरून उतरवून मध्यमावर आणावी लागते. काम एका स्वराचं. पण भाद्रपदात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि खुंटी आपल्या भोकात रुतून बसते. दोनदा अंगठ्याचा जोर लावला, तिसऱ्यांदा लावला नाही. अशी रुतलेली खुंटी सुटली की एकदम सुटते, तार ढिली पडते, घोडीवरचं सूत सरकतं, आणि मग जवारी जुळवता जुळवता सूर्य वर येतो. तार होती तिथंच राहू दिली आणि भैरवाचा षड्ज लावला.

उन्हाळ्यात हीच खुंटी उलट वागते. चैत्र-वैशाखात आमच्या जुन्या हुबळीत दुपारचं ऊन दगडी पायऱ्यांवर मावत नाही. लाकूड सुकून आक्रसतं, खुंटी स्वर धरत नाही, लावलेली तार दोन मिनिटांत खाली घसरते. तेव्हा खुंटी उपसून तिच्या दांड्याला खडू घासायचा. माझ्या कपाटात त्यासाठी शाळेतल्या फळ्यावरचा पांढरा खडू कायम असतो; होळीला अख्खा असतो, मृगापर्यंत बोटाच्या पेराएवढा उरतो. मृगाचा पाऊस पडला की एका रात्रीत खडूची गरज संपते. कितीतरी वर्षं मी ऋतूंची चाहूल अशी बोटांनी घेत आले आहे.

तंबोरा मिरजेचा. मी नववीत असताना बाबांनी तो आगगाडीनं आणला. सगळी रात्र स्वतः उभे राहिले आणि आपल्या जागेवर त्याला निजवलं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुणीच्या लाकडाची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी बाबांच्या फोटोसमोर तंबोरा उभा करून पाच मिनिटं नुसता छेडला. काही गायले नाही. त्यांना ऐकायला तेवढंच आवडायचं.

तंबोऱ्याच्या या चार तारांची आठवण निघाली की मला धारवाडचे बेंद्रे आठवतात. द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांच्या ज्या संग्रहाला मिळालं त्याचं नाव ‘नाकु तंती’, म्हणजे चार तारा. आमच्यासारख्यांच्या घरात हे दोन भाषांचं जगणं रोजचंच आहे. मी देवाशी मराठीत बोलते, भाजीवालीशी कन्नडमध्ये, आणि तंबोऱ्यापुढं दोन्ही गप्प बसतात.

भैरव घेतला की पहिली पंधरा-वीस मिनिटं मी रिषभाच्या पुढं जात नाही. तो कोमल रिषभ सरळ उभा राहत नाही, हलतो, पाण्यावर दिव्याचं प्रतिबिंब हलावं तसा. घाई केली की तो नुसता खालचा स्वर होतो, भैरवाचा रिषभ राहत नाही. एकेका स्वराशी असं थांबायची शिकवण या मुलखात किराणा घराण्यानं रुजवली. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, इथून जवळच्या कुंदगोळचे. त्यांच्याकडं शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून रोज आगगाडीनं जायच्या आणि परत यायच्या. गंगूबाई १९१३ साली धारवाडात जन्मल्या. त्यांची आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गाणारी. मुलीला हिंदुस्थानी गाणं नीट शिकता यावं म्हणून ती १९२८ मध्ये बिऱ्हाड हलवून हुबळीला आली. आईनं आपलं गाणं बाजूला ठेवून मुलीला तिचा कल होता त्या गाण्याकडं नेलं, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठी वाटते. २००९ साली गंगूबाई गेल्या त्याही हुबळीतच. त्या दिवशी शहराला आलेलं जडपण मला अजून आठवतं.

भाद्रपद आला की ही माणसं जास्त आठवतात, आणि त्याला कारणही आहे. १२ सप्टेंबर १९५२ ला सवाई गंधर्व गेले आणि १२ सप्टेंबर १९९२ ला मल्लिकार्जुन मन्सूर. बरोबर चाळीस वर्षं, तीच तारीख. आमच्या मुलखातल्या गाणाऱ्यांसाठी पितृपक्षाखेरीज आणखी एक पितृदिवस येतो, असं मी मनाशी म्हणते.

लहानपणी बाबांनी मला कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात नेलं होतं. सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचं गाणं तिथं रात्रभर होत आलं आहे. सतरंजीवर मी कितीदा झोपले आणि कितीदा जागी झाले ते आठवत नाही, पण एकदा जाग आली तेव्हा वाड्याच्या चौकातलं आभाळ काळ्याचं निळं होत होतं आणि ललत सुरू होता. दोन मध्यम एकमेकांना खेटून येत होते. रात्र आणि दिवस यांच्यामधल्या फटीत कुणीतरी बोट घालून ती हळूच रुंद करतंय असं काहीतरी मला वाटलं होतं. तेव्हा रागाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पुढं शिकताना ललतातले हे दोन मध्यम गळ्यात बसवायला मला तीन पावसाळे लागले.

आता असे पहाटेपर्यंतचे कार्यक्रम विरळ झाले आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. आजारी माणसाच्या झोपेचा विचार केला तर त्यात गैर काही नाही. पण त्यामुळं पहाटेच्या रागांचं व्यासपीठ गेलं. मैफल संध्याकाळी सहाला सुरू होते, दहाला संपते. यमन, पूरिया, मारवा, बागेश्री यांना जागा मिळते. ललत, रामकली, भैरव, तोडी, जौनपुरी मात्र वाट पाहत राहतात. एखाद्या सणाला सकाळची मैफल होते तेवढीच.

म्हणून मला वाटतं, या रागांचं खरं घर आता आमच्यासारख्यांकडं आहे. ज्यांना कुणी गायला बोलावत नाही, ज्यांची बिदागी नाही, ज्यांना साडेनऊला कचेरीत सही करायची असते, त्यांच्याकडं. गवई ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी गातो. त्याला ऋतू निवडता येत नाही, कित्येकदा प्रहरही नाही. मला येतो. बहार मी वसंत पंचमीपासून कडुनिंबाचा मोहर गळेपर्यंत गाते आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत बांधून ठेवते. मियाँमल्हाराचा आंदोलित गांधार आषाढाआधी घ्यायला माझं मन धजत नाही. हे कुणी मला सांगितलेलं नाही. पण वर्षभर वाट पाहून एखादा राग हाती घेतला की तो पहिल्या आंब्यासारखा लागतो, हे मी अनुभवलं आहे. कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले. त्यांचं जन्मगाव सुळेभावी बेळगावजवळचं, तेही याच हवेतलं, एवढ्यावरून मला उगीच आपलेपणा वाटतो.

प्रहराचीही एक मौज आहे, आणि ती घड्याळ बाजूला ठेवल्यावर कळते. आमच्याकडं जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या शेवटी जवळजवळ सातला. म्हणजे पौष-माघात पहाट तासभर लांबते. तेव्हा भैरवाला ऐसपैस जागा मिळते. रिषभावर बसून राहावं, धैवतावर बसून राहावं, बाहेर अजून काळोखच असतो. ज्येष्ठात ती चैन नाही. पहिला आलाप पुरा होईतो कौलांवर उजेड आलेला असतो आणि गळा आपसूक तोडीकडं वळायला लागतो. भातखंड्यांनी मध्यमाला अध्वदर्शक स्वर म्हटलं, दिवस की रात्र याची वाट दाखवणारा. माझ्या माजघराला पूर्वेची खिडकी आहे आणि त्या खिडकीत शेजारच्यांचं शेवग्याचं झाड आहे. शेंगा वेगवेगळ्या दिसू लागल्या की भैरवाचा वेळ संपला, हे माझं अध्वदर्शन.

आजही तेच पाहत होते. सव्वासहा झाले होते, झाड अजून एकसंध काळं होतं, आभाळ भरलेलं. वारा मठाकडून होता. सिद्धारूढांच्या मठातला ‘ॐ नमः शिवाय’चा गजर तुटक तुटक येत होता. मी धैवतावर आले होते, तेवढ्यात गल्लीत बायकांच्या गाण्याचा आवाज आला आणि दाराशी हाक आली.

“अव्वा, जोकुमार बंदान्री!”

जोकुमार आला होता. गणपतीनंतर, भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत, या बायका डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरतात. टोपलीत कडुनिंबाच्या पाल्यात बसवलेली जोकुमाराची मातीची मूर्ती, तिच्या ओठांना लोणी. मराठी घरांत हा देव नाही, पण आमच्या आईनं कधी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. इथं गोष्ट सांगतात ती अशी: गणपती पृथ्वीवर येतो, मोदक खातो, परत जाऊन शंकराला सांगतो की खाली सगळे सुखात आहेत. त्याच्यामागून जोकुमार येतो. तो गल्लीबोळांतून, शेताबांधांवरून हिंडतो, वाळलेली पिकं पाहतो आणि जाऊन खरं काय ते सांगतो. मग पाऊस पडतो. जोकुमार मात्र सात दिवसच जगतो.

लहानपणी मी ही गोष्ट गंमत म्हणून ऐकली. आता काळ्या मातीतला कापूस, मिरची यांचं गणित कळतं. पेरणी मृगाच्या पावसावर होते, पण पीक भरणं या दिवसांतल्या पावसावर असतं, आणि मागून येणारा रब्बीचा जोंधळा जमिनीत मुरलेल्या याच ओलीवर उभा राहतो. गाऱ्हाणं नेमकं या आठवड्यात वर पोचलं पाहिजे, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं होतं.

मी सुपात जोंधळा, थोडं मीठ, चार ब्याडगी मिरच्या घेतल्या. टोपली पायरीवर उतरली. तिघीजणी होत्या, मोठीच्या पदराच्या टोकातून पाणी गळत होतं. “रात्रभर पाऊस होता ना?” मी कन्नडमध्ये विचारलं. “होता, आणि अजून मळी बरतैत्री,” अजून पाऊस येतोय, असं ती म्हणाली आणि उभ्यानंच गाऊ लागली. चार स्वरांचं गाणं. एकजण ओळ टाकते, बाकीच्या दोघी ती झेलतात आणि शेवटचा स्वर किंचित ओढून खाली ठेवतात. ताल पायांतला.

माजघरात तंबोरा भिंतीला टेकवून आले होते. गाणं चालू असताना तो मागून हलकेच बोलल्यासारखा वाटला. कान देऊन ऐकलं. त्या बायकांचा षड्ज माझ्या पंचमावर होता. तंतोतंत. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, माझी पहिली तार मंद्र पंचमाला. त्यांनी शेवटचा स्वर ठेवला की ती तार कुणी न छेडता घुमत होती. सहकंपन म्हणतात ते हेच, पुस्तकात कितीदा वाचलेलं. साडेपाचला मी ती तार मध्यमावर उतरवू शकले असते तर हे घडलं नसतं.

मी आत जाऊन तंबोरा उंबऱ्यापाशी आणला आणि फक्त पहिली तार छेडत बसले. मोठीनं एकदा पाहिलं, थांबली नाही, उलट आवाज जरा मोकळा सोडला. तीन कडवी झाली. धान्य टोपलीत गेलं, माझ्या हातावर कडुनिंबाची दोन पानं आली. शेजारच्या अक्कांच्या दाराशी पुन्हा तीच हाक.

सात वाजून गेले होते. ढग फाटून ऊन माजघराच्या फरशीवर पट्ट्यासारखं आडवं पडलं होतं. शेवग्याच्या शेंगा एक एक मोजता येत होत्या. तंबोरा आत नेताना सवयीनं पंचमाच्या खुंटीवर हात गेला आणि ती अलगद फिरली. तार खाली आली, मध्यमावर आली, जोडीच्या शेजारी स्वच्छ उभी राहिली. मी चारही तारा दोनदा छेडून ऐकल्या. ललताची वेळ तासाभरापूर्वीच गेली होती. खुंटी पुन्हा पिळून तार पंचमावर चढवली, गवसणी घातली, निंबाची पानं तिच्या खिशात ठेवली आणि भाकरीसाठी तवा ठेवला.