शेपटाचा हिशेब

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, या म्हणीचा रोख शेपटावर नाही, माणसाच्या न सुटणाऱ्या खोडीवर आहे. तरीही तिच्यात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे. शेपूट सरळ होत नाही, म्हणून ते कापून टाकावे, असे ही म्हण रचणाऱ्याला सुचलेले नाही. नळीचा प्रयोग फसतो आणि शेपूट आपल्या जागी राहते.

युरोपात हे फार पूर्वी सुचले होते. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार कोलुमेला आपल्या शेतीविषयक ग्रंथात सांगतो, की पिल्लू चाळीस दिवसांचे झाले की त्याच्या शेपटाचे टोक दातांनी तोडावे. म्हणजे शेपूट बेढब वाढत नाही आणि, मेंढपाळांच्या समजुतीप्रमाणे, कुत्रे पिसाळतही नाही. सौंदर्य आणि आरोग्य ही दोन कारणे अशी त्या जुन्या उल्लेखातच एकमेकांचा हात धरून येतात. पुढे पिसाळण्याचे खरे कारण कळले, १८८५ साली पाश्चरने लस माणसाला टोचली, आणि मेंढपाळांच्या समजुतीत काही उरले नाही. शेपटे छाटणे मात्र चालूच राहिले. आता कारण असे सांगण्यात येऊ लागले, की शिकारी कुत्र्याचे शेपूट काटेरी झुडपांत फाटते. जी कुत्री झुडपांत कधी शिरणारच नव्हती, त्यांच्यासाठी जातीचे प्रमाणित रूप पुरेसे होते. डॉबरमन आखूड शेपटाचाच दिसला पाहिजे. का, तर तो तसाच दिसतो म्हणून.

ही छाटणी बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत होते. पिल्लाचे डोळे तेव्हा उघडलेलेही नसतात. कात्रीने शेपूट कापतात, किंवा घट्ट रबरी कडे घालून पुढचा भाग आपोआप गळू देतात. भूल देण्याची प्रथा नव्हती. त्याच बैठकीत पुष्कळदा पुढच्या पायांची आतल्या बाजूची वरची नखे, ज्यांना ‘ड्यूक्लॉ’ म्हणतात, तीही काढली जात. ही म्हणजे आपल्या अंगठ्याची भावंडे. हाड धरून चघळताना कुत्रे त्यांचा उपयोग करते, आणि वेगाने वळताना ती जमिनीला टेकतात. गंमत अशी, की पिरेनीज पर्वतातल्या पांढऱ्या राखण्या कुत्र्याच्या मागच्या पायांवर हीच नखे दुहेरी असावी लागतात. नसली तर ते जातीचे वैगुण्य ठरते. म्हणजे एका घरी जे अडगळ, ते दुसऱ्या घरी कुळाची खूण.

इतक्या लहान जिवाला वेदना होत नाहीत, असे समर्थक सांगत आले. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी पन्नास पिल्लांची शेपटे छाटली जात असताना निरीक्षण केले. सगळी तीव्रपणे ओरडली, आणि काही मिनिटांत बहुतेक झोपी गेली. या झोपेचा अर्थ काय लावायचा? समर्थकांना तो उघड वाटतो. परंतु माणसाच्या अर्भकांविषयीही वैद्यकशास्त्र दीर्घकाळ असेच बोलत होते. इंदूरला वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेले संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक दिले तर त्यांच्या शरीरावरील ताण आणि नंतरची गुंतागुंत कमी होते, हे त्यातून दिसले. तोवर अनेक बाळांवर केवळ नाममात्र भुलीत शस्त्रक्रिया होत होत्या. ज्याला सांगता येत नाही, त्याला काही होत नाही असे मानणे आपल्याला किती सहज जमते, याचा हा पुरावा मला पिल्लांच्या झोपेपेक्षा बोलका वाटतो.

काट्यांचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही. ब्रिटनमधल्या २०१० सालच्या एका मोठ्या पाहणीत निष्पन्न झाले, की एका कुत्र्याच्या शेपटाची इजा टाळण्यासाठी सुमारे पाचशे कुत्र्यांची शेपटे छाटावी लागतील. पण ती पाहणी सर्व प्रकारच्या कुत्र्यांची होती. २०१४ साली स्कॉटलंडमधील शिकारीच्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा एकाच हंगामात अखंड शेपटाच्या निम्म्याहून अधिक स्पॅनिअलना इजा झाल्याचे आढळले. २००७ साली सरसकट बंदी घालणाऱ्या स्कॉटलंडने २०१७ मध्ये अशा कुत्र्यांपुरती सूट दिली. इंग्लंडने काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी ती प्रथमपासूनच ठेवली होती.

मला ही सूट समजते, पण ती मनाला स्वस्थ बसू देत नाही. झुडपात शिरणे स्पॅनिअलने निवडलेले नाही. पक्षी मारण्याचा छंद माणसाचा. आपल्या छंदातून उद्भवणारी इजा टाळायची, म्हणून आपणच आधी इजा करायची, असा हा व्यवहार आहे. मात्र तो निषिद्ध म्हणण्यापूर्वी गोठ्याकडे पाहावे लागते. प्राण्याचे अंग तोडणे ही क्रूरता आहे, असे आपला १९६० चा कायदा म्हणतो. आणि त्याच कलमात पुढे विहित रीतीने शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे आणि वेसण घालणे यांना वगळतो. बैलाचे नाक टोचल्यावाचून आपली शेती उभी राहिली नसती. वेसणीची कोणी शोभा म्हणून तरफदारी केली नाही, ती बैलाच्याच भल्याची आहे असेही कोणी म्हटले नाही. गरज आमची होती, हे गोठ्यात सर्वांना ठाऊक होते. शेपटाच्या बाबतीत मला खटकते ते हे, की इथे आवड माणसाची असते आणि हिशेब कुत्र्याच्या नावावर मांडला जातो.

शिवाय शेपूट म्हणजे नुसता अवयव नव्हे. २००७ साली इटलीतील संशोधकांनी दाखवले, की मालक दिसल्यावर कुत्र्याचे शेपूट उजवीकडे अधिक झुकत हलते, आणि अनोळखी दांडगे कुत्रे दिसल्यावर डावीकडे. पुढच्याच वर्षी कॅनडात व्हिक्टोरिया येथे एक यांत्रिक कुत्रा उद्यानात ठेवून त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावण्यात आले. लांब शेपूट हलत असताना मोठी कुत्री निःशंक जवळ येत, स्थिर असताना बिचकत. आखूड शेपूट हलले काय अन् न हलले काय, त्यांच्या वागण्यात फरक पडत नसे.

आमच्या घरी एक डॉबरमन बारा वर्षे होता. तो आला तेव्हाच शेपटाचा दोन बोटे थुटका उरला होता, आणि आम्हांला तो तसाच हवा होता. अखंड शेपटाचे पिल्लू कोणी आणले असते, तर ते भेसळीचे म्हणून आम्ही परत पाठवले असते. आनंद झाला की त्याचा मागचा अर्धा देह हलत असे, आणि आम्हांला त्याचे हसू येई. संध्याकाळी फिरायला नेले की आळीतली गावठी कुत्री काही अंतरावर थबकत. तो त्याचा दरारा, असे आम्ही कौतुकाने सांगत असू. तो मात्र साखळी ताणून, थुटका हलवीत, त्यांच्याकडे पाहत उभा राही. आणि ती वीस पावलांवरूनच वळून जात.