निद्रेचा करार

आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो असता मुलाच्या खोलीत एक वेळापत्रक भिंतीला डकविलेले दिसले. दर चार तासांनी वीस मिनिटे झोप, अशी दिवसातून सहा वेळा. एकूण झोप दोन तासांची. "काका, रोजचे सहा तास वाचतात," तो अभिमानाने म्हणाला, "आणि मला त्रास काहीच वाटत नाही." हे शेवटचे वाक्य आमच्यातील वकिलाला खटकले.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकन संशोधक बकमिन्स्टर फुलर दर सहा तासांनी अर्धा तास झोपत, ही हकीकत 'टाइम' साप्ताहिकाने १९४३ साली छापली होती. पण बरोबरीचे व्यावसायिक चारचौघांसारखे झोपत असल्याने मेळ बसेना आणि फुलरना तो क्रम सोडावा लागला.

झोपेचे भाग पाडणे हा काही अपराध नाही. गोमंतकातील दुपारच्या वामकुक्षीला कोण नावे ठेवील? परंतु वामकुक्षी ही रात्रीच्या झोपेला जोड असते, तिची जागा घेत नाही. वाटणी निराळी आणि कपात निराळी. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञमंडळाने २०२१ साली उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा अशा तुकड्यांच्या वेळापत्रकांपासून लाभ होत असल्याचा पुरावा आढळला नाही. अपायाचा मात्र आढळला.

यावर तरुणाचा युक्तिवाद ठरलेला असतो : झोप माझी, तिचा सौदा मी केला तर कोणाचे काय बिघडले? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दिल्लीच्या रामलीला मैदानावर २०११ साली झोपलेल्या जमावावर मध्यरात्री पोलिसी कारवाई झाली. त्या प्रकरणी २०१२ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने निद्रा हा मूलभूत हक्क मानला. आणि मूलभूत हक्क विकता येत नाहीत, हे त्याच न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ सालीच सांगितले होते. अर्थात ही बंधने शासनावर. स्वतःच्या खोलीत जागणाऱ्या मुलाला कोणतेही न्यायालय अडविणार नाही. तेथे प्रश्न उरतो तो संमतीचा.

१८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम सांगते की, करार करणाऱ्यास त्या वेळी कराराचा अर्थ समजला पाहिजे आणि आपल्या हितावर होणाऱ्या परिणामाचा विवेकपूर्वक विचार करता आला पाहिजे. आता २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. चौदा दिवस रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची अवधानशक्ती इतकी खालावली की, काहींची अवस्था दोन रात्री अखंड जागलेल्या माणसासारखी झाली. पण आपण किती खालावलो आहोत याची त्यांना बहुतांशी जाणीवच नव्हती! आमच्या तरुण मित्राने पहिल्या दिवशी संमती दिली ती शुद्धीवर असताना. पण तो क्रम पुढे चालविण्याचा निर्णय तो रोज घेतो, आणि घेतो तो थकलेल्या मेंदूने. "मला त्रास वाटत नाही" ही साक्ष ज्याच्या मुखातून येते, त्याची साक्ष देण्याची शक्तीच या व्यवहारात क्षीण झालेली असते. आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व येथे जितके लागू पडते तितके क्वचितच कोठे पडत असेल.

तथापि दोष एकट्या मुलांवर टाकणे अन्यायाचे होईल. 'रात्रीचा दिवस केला' असे आपण कौतुकाने म्हणतो. अर्जुनाला निद्रा जिंकणारा म्हणून 'गुडाकेश' म्हणतो. परंतु त्याच गुडाकेशाला गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण बजावतात की, अतिनिद्रा करणाऱ्याला योग साधत नाही, तसा अतिजागरण करणाऱ्यालाही साधत नाही. हे सांगायला आपण विसरतो.

हे सारे आम्ही त्या मुलाला सांगितले. त्याने शांतपणे विचारले, "मग काका, सहा तास आणू कोठून?" महाविद्यालय, शिकवणीचा वर्ग, स्पर्धापरीक्षा यांपैकी एकही गोष्ट त्याने स्वतः निवडलेली नव्हती. ज्या एकाच गोष्टीवर त्याची सत्ता होती आणि जिच्या वतीने भांडायला कोणी नव्हते, तिच्यातच त्याने कपात केली होती. आमच्यापाशी त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. म्हणून बाहेर येऊन आम्ही त्याच्या वडिलांशी बोलावयास बसलो.